चुलीच्या डावीकडचा तारा

सरांनी माझ्याकडे कधी सरळ पाहिलं नाही. बोलताना त्यांची नजर माझ्या कानाच्या जरा बाहेर असायची. जणू माझ्या खांद्यावर काहीतरी येऊन बसलंय आणि ते मला सांगावं की नाही, असा त्यांना प्रश्न पडलाय. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये मी दोनदा मागे वळून पाहिलं. मागे पाण्याचा माठ होता, दुसरं कोणी नव्हतं. वर्गात तर आनंदच होता. सर "तू सांग" म्हणाले की एका बाकावरची सगळी पोरं उभी राहायची, आणि ज्याला विचारलं तो पलीकडच्या बाकावर निवांत बसलेला असायचा.

मला हा माणूस शिष्ट वाटला. नगरच्या कारकुनाच्या घरातला, पुण्यात डॉक्टरेट केलेला, राहात्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला आलेला. आम्हा शेतकऱ्याच्या पोरांकडे कशाला सरळ बघेल, असं मी मनात धरून बसलो. मी त्याच कॉलेजात भूगोल शिकवायचो. पुढे ते कोल्हारला आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आले, तेव्हा एक दिवस मी विचारूनच टाकलं.

"अहो, मंद तारा सरळ पाहिला की दिसत नाही," ते म्हणाले. "डोळ्याचा मधला भाग अंधारात बिनकामाचा. जरा बाजूला पाहायचं, मग तो कडेला हळूच उगवतो. इतकी वर्षं तसं पाहतोय की आता माणसांच्या बाबतीतही तेच होतं."

"म्हणजे आम्ही मंद?"

"मंद म्हणजे दूरचे हो," म्हणाले, आणि माझ्या कानाकडे पाहून हसले. तेव्हापासून आमची दोस्ती झाली.

ते कोल्हारला आले तेही अंधारासाठी. राहात्याच्या आभाळावर शिर्डीचा उजेड चढतो. आमच्याकडे प्रवरेच्या अंगाला अजून थोडा काळोख शिल्लक होता. खोल्या बघायला आले तेव्हा नळाला पाणी कधी येतं हे त्यांनी विचारलं नाही, संडास कुठंय हेही नाही. थेट गच्चीवर गेले, चारी बाजूंना पाहिलं आणि "घेतो" म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात हजर. मला वाटलं, बेत बदलला. तर म्हणाले, "पुन्हा एकदा गच्ची पाहू द्या. एकदा दिसलं म्हणजे दिसलं नव्हे."

हे त्यांचं वाक्य. एकदा दिसलं म्हणजे दिसलं नव्हे. कुलूप लावून खाली उतरायचे, पुन्हा वर जाऊन ओढून पाहायचे. कोणा पोराला पहिला वर्ग मिळाला आणि तो पेढे घेऊन आला, तर पेढा खाऊन म्हणायचे, "छान. पुढच्या वर्षी पुन्हा मिळव, मग मिळाला म्हणू." पोराचं तोंड उतरायचं. सरांना त्याचा पत्ता नसायचा, कारण ते त्याच्या कानाकडे बघत असायचे.

या वाक्यापायी त्यांचं लग्न राहिलं. श्रीरामपूरकडचं स्थळ होतं. मीही बरोबर गेलो होतो. पोहे झाले, चहा झाला, मुलगी शिकलेली, बोलायला चांगली. परतताना माझ्या गाडीवर मागे बसून सर गुणगुणत होते. मी म्हटलं, झालं, आता हळदीची तयारी. घरी आल्यावर म्हणाले, "मला पसंत आहे. पुन्हा एकदा जाऊन पाहून येऊ." मी कपाळावर हात मारला. मुलीच्या वडिलांना तसा निरोप गेला. ते म्हणाले, आमची मुलगी काय बैलबाजारात उभी आहे का, परत परत दात बघायला? महिनाभरात तिचं दुसरीकडे ठरलं. सरांना त्याचं वाईट वाटलं, पण आपलं काय चुकलं ते मात्र त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांच्या खिशात एक जुनी सीडी असायची. गाण्याची नव्हे, नुसती चकचकीत चकती. कुठलाही दिवा दिसला की ती तिरपी धरून त्यात बघायचे. सीडीत दिव्याचे रंग फाकतात आणि त्यात रेघा दिसतात. गणपतीच्या मांडवात आरती चालू असताना हे मांडवातल्या ट्यूबकडे पाठ करून सीडीत डोकावत उभे. लग्नात नवरा-नवरी स्टेजवर आणि हे स्टेजच्या दिव्यांवर लक्ष ठेवून. "रेघ बघा, दिवा बघू नका," असं सगळ्यांना सांगायचे. गावातला किराणावाला नवीन बल्बचा खोका आला की त्यांनाच बोलवायचा. जणू सर सोनार आहेत आणि बल्ब पारखून देणार आहेत.

एकदा सकाळी माझी आई मागच्या अंगणात चुलीवर अंघोळीचं पाणी तापवत होती. सर वाकून सीडीतून जाळ बघायला लागले. मग आत जाऊन चिमूटभर मीठ आणलं आणि जाळावर टाकलं. एकदम पिवळा भडका. "ही बघा, मिठाची रेघ!" म्हणून ओरडले.

आई म्हणाली, "मास्तर, लगीन करा तुमी. म्हंजी असं लोकाच्या चुलीत डोकवाया लागायचं न्हाई."

ते खूप हसले. आणि त्या दिवसापासून आभाळातल्या त्यांच्या जागेला चूल हे नाव पडलं.

ती जागा म्हणजे त्यांचं सारं आयुष्य होतं, म्हणून ती नीट सांगायला हवी. आपल्या आकाशगंगेत काही ताऱ्यांच्या विचित्र जोड्या असतात, असं ते सांगायचे. एक तारा जिवंत, दुसरा मेलेला. मेलेला म्हणजे कृष्णविवर. ते जिवंताच्या अंगावरचा वायू ओढून ओढून घेतं, पण सगळं त्याला गिळवत नाही. थोडं दोन्ही बाजूंनी पिचकारीसारखं बाहेर उडतं, अफाट वेगाने. अशा जोडीला मायक्रोक्वेसार म्हणतात. फार थोडे सापडलेत. शोधायचे कसे, तर दिसायला तो एक साधा ठिपकाच असतो. मोठ्या दुर्बिणीने त्याचा प्रकाश धरायचा, यंत्राने फाकवायचा आणि रेघा बघायच्या. हायड्रोजनची एक तांबडी रेघ असते, तिची जागा ठरलेली. ती रुंद झालेली, झळकणारी आणि जागेवरून सरकलेली दिसली, की तिथे कोणीतरी कोणाला तरी खातंय. दुसऱ्या खेपेला ती आणखी तिसऱ्याच जागी दिसली, की खात्री.

पुण्यात शिकत असताना सरांना ती एकदा दिसली होती. त्यांच्या मार्गदर्शकांबरोबर ते उत्तरेकडच्या डोंगरातल्या मोठ्या दुर्बिणीवर गेले होते. श्रवण नक्षत्राच्या खालच्या बाजूला, ताऱ्यांच्या गर्दीत, तीन तारे चुलीच्या तीन दगडांसारखे बसलेत. त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक मंद ठिणगी आहे. त्यांतल्या एका ठिणगीच्या प्रकाशात ती रेघ होती, रुंद, झळकणारी आणि सरकलेली. मार्गदर्शक म्हणाले, लिही, छापू. सरांनी छापलं, पण शेवटी प्रश्नचिन्ह ठेवून. दुसऱ्यांदा दिसलं की प्रश्नचिन्ह काढणार होते. मार्गदर्शक पुढे वारले, आणि राहात्याच्या कॉलेजातल्या एकट्या मास्तराला मोठ्या दुर्बिणीवर वेळ कोण देतो? दरवर्षी अर्ज करायचे, दरवर्षी नकार यायचा. नकार आला की त्या संध्याकाळी ते आईकडे पिठलं मागायचे. आई विचारायची नाही, करून द्यायची.

तोवर आमची गच्ची होती. त्यांच्या स्वतःच्या दुर्बिणीतून वर्णपट, म्हणजे त्या रेघांचा पट्टा, काढणं शक्य नव्हतं, पण पावसाळा सरल्यावर हवा धुतलेली असली की संध्याकाळी चूल दिसायची. वाकून वाकून त्यांची मान धरायची, गळ्यात पट्टा आला. मग त्यांनी दुर्बिणीच्या डोळ्यापाशी एक लहानसा कोपऱ्याचा आरसा बसवला. त्याने प्रकाश काटकोनात वळतो आणि खुर्चीवर बसून बघता येतं. मलाही कितीदा दाखवलं. "चूल दिसली? आता सरळ पाहू नका. जरा वर पाहा. चुलीच्या डावीकडे काही उगवलं?" मला पुष्कळदा काहीच उगवायचं नाही. मी आपला "हो हो" म्हणायचो. एकदा मात्र खरंच दिसलं. राखेत दडलेल्या निखाऱ्याएवढं. मी दचकलोच.

"तोच," सर म्हणाले. "डावीकडचा. आमचा."

आई जिना चढून वर आली होती. तिने विचारलं, "वर चूल हाय व्हय? मग सयपाक कोन करतंय तिथं?"

"तेच तर शोधतोय, आई," ते म्हणाले.

मग एका वर्षी अर्ज मंजूर झाला. मी त्यांना इतकं हरखलेलं कधी पाहिलं नव्हतं. दाढी करताना गाल कापून घेतला. माझ्या बायकोने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. ती पुरचुंडी त्यांनी स्टेशनपर्यंत छातीशी धरली होती. मी म्हटलं, "सगळं घेतलं ना? नकाशा, कागद?" तर म्हणाले, "नकाशा कशाला? ती जागा मला तोंडपाठ आहे. आंधळं करून सोडलं तरी चुलीपाशी जाईन." आईने देवापुढचा अंगारा लावला. सरांनी तो पुसला नाही.

परतले ते सरळ वर गेले. दोन दिवस खाली उतरले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेलो. ते खाटेवर बसले होते.

"साधा आहे," म्हणाले. "अगदी साधा तारा. रेघ नाही, काही नाही. तेव्हा यंत्राचा दोष असेल, नाहीतर माझ्या डोळ्यांचा."

आणि त्यांनी काय करावं? महिन्याभरात सगळं लिहून पाठवून दिलं. मी पूर्वी जे म्हणालो होतो ते चूक, हा मायक्रोक्वेसार नव्हे, साधा तारा आहे. ते छापूनही आलं. मला राग आला. एवढी काय घाई? कोण मागत होतं तुमच्याकडे कबुली? मी तोंडावर म्हणालो, "सर, एकदा दिसलं म्हणजे दिसलं नव्हे, मान्य. पण दिसलं नाही, तेही एकदाच की!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला चरकायला झालं, कारण त्यांनी सरळ पाहिलं होतं. माझ्या डोळ्यांत.

त्यानंतर ते सगळ्यांकडेच सरळ पाहू लागले. वर्गात "तू सांग" म्हटलं की नेमका तोच मुलगा उठायचा. सगळे म्हणाले, सर सुधारले. मला ते बघवत नसे. दुर्बिणीवर ताडपत्री आली, खिशातून सीडी गेली, गणपतीत आरतीला हात जोडून उभे राहू लागले. जिना चढताना त्यांच्या पावलांचा आवाज ऐकला की वाटायचं, कोणीतरी बोचकं वर नेतंय. अशी किती वर्षं गेली. माणूस मोडतो तेव्हा त्याला ताप येत नाही, काही नाही. तो कॉलेजला जातो, पेपर तपासतो, वेळेवर जेवतो.

मग ती दिलीपच्या सलूनमधली सकाळ. दिलीप आमचा कोल्हारचा न्हावी. त्याच्या दुकानात समोर मोठा आरसा, आणि पाठीमागच्या भिंतीवर आकडे नसलेलं, नुसत्या काट्यांचं गोल घड्याळ. सर खुर्चीत होते, गालांना साबण लावलेला. मी बाकावर पेपर वाचत बसलो होतो.

सर म्हणाले, "दिलीप, तुझं घड्याळ बंद पडलंय. सव्वातीन दाखवतंय."

दिलीप वस्तरा पुसत म्हणाला, "बंद न्हाई सर. आरशात बगताय तुमी. पावणेनवू झाल्यात. आरशात डावं ते उजवं व्हतं ना."

"हो," सर म्हणाले.

दिलीपने एक गाल केला. दुसऱ्यावर वस्तरा ठेवणार तोच सरांनी त्याचा हात धरला. आरशात पाहत त्यांनी स्वतःचा डावा हात हळूच वर केला, खाली घेतला, पुन्हा वर केला. मी पेपर खाली ठेवला. त्यांचा चेहरा असा झाला होता की दिलीप घाबरून म्हणाला, "सर, चक्कर येती का? पानी देऊ?"

"डावीकडचा," सर म्हणाले. "मी डावीकडचा म्हणालो."

आणि उठले. गळ्यात ते पांढरं फडकं, एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर साबण, तसेच भर पेठेतून चालत सुटले. मी मागे धावलो. लोक हसत होते. कोणी म्हणालं, "मास्तरांचं काय बिनसलं वं?" घरी येऊन ते गच्चीवर गेले, ताडपत्री ओढून काढली आणि दुर्बिणीचा तो कोपऱ्याचा आरसा उपटून हातात घेतला. ऊन वर आलं होतं. बघण्यासारखं आभाळात काही नव्हतं.

मला समजायला वेळ लागला. गच्चीवरची दुर्बीण आरशामुळे आभाळ उलटं दाखवायची. खरा तारा चुलीच्या उजवीकडे, पण आमच्या गच्चीवरून तो डावीकडे दिसायचा. सरांनी पहिल्या दिवशी नकाशा लावून हे बरोबर ताडलं होतं. पण मग वर्षानुवर्षं डावीकडेच बघत राहिले, आणि डावं हेच त्यांच्या डोळ्यांत मुरलं. डोंगरावरच्या मोठ्या दुर्बिणीला असला आरसा नव्हता. तिथे पडद्यावर चूल आली, तशी ती सुलटी आली. यंत्र चालवणाऱ्याने विचारलं, कुठला तारा? सर नकाशा न बघता म्हणाले, डावीकडचा. दुसरी ठिणगी. शेजारी. सगळा वेळ त्याचाच प्रकाश धरला.

"मी शेजाऱ्याचं दार वाजवून आलो हो," आरसा हातात घेऊन ते म्हणाले. "आणि आपल्या माणसाबद्दल सांगत फिरलो की तो घरात नाही."

दुपारी त्यांनी डोंगरावरच्या त्या खेपेचे फोटो संगणकावर उघडून बघितले. शंकाच नव्हती. उजवीकडची ठिणगी तशीच होती, कोणी न शिवलेली.

मी मूर्खासारखा म्हणालो, "मग बरंच झालं की! चूक सापडली. पुन्हा अर्ज करा."

त्यांनी केला. आणि इथून पुढचं मला लिहायला नको वाटतं. त्यांनी चुकीची दुरुस्ती लिहून पाठवली, ती बारीक अक्षरांत कुठेतरी छापली गेली. दुर्बिणीवाल्यांचं उत्तर आलं: हा साधा तारा असल्याचं आपणच छापलं आहे, सबब वेळ देता येत नाही. सरांनी दुरुस्ती दाखवली. उत्तर आलं: ज्यांना आपला तारा डावा की उजवा हे सांगता येत नाही, त्यांच्या पहिल्या निरीक्षणावर तरी भरवसा कसा ठेवायचा? शब्द याहून सभ्य होते, अर्थ हाच होता. दुसऱ्या कोणी खोडलं असतं तर भांडता आलं असतं. त्यांना त्यांच्याच प्रामाणिकपणाने खोडलं होतं. आई तेव्हा थकली होती, पण नकार आला की ती माझ्या बायकोला नुसतं "पिठलं टाक" म्हणायची.

मग ते रिटायर झाले. आता तर अर्जावर लिहायला कॉलेजचं नावही उरलं नाही. कोपऱ्याचा आरसा त्यांनी पुन्हा बसवला नाही. दुर्बिणीखाली सतरंजी टाकून उताणे पडायचे आणि मान मोडून चूल बघायचे. मी म्हणायचो, "सर, मान जाईल, आरसा लावा. आता कळलंय ना उलटं दिसतं ते?" ते ऐकायचे नाहीत. त्या आरशाने त्यांचं आयुष्य खाल्लं होतं आणि मी त्यांना तो परत लावायला सांगत होतो. पुढे डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. ऑपरेशन झालं, तरी ती ठिणगी पुन्हा उगवली नाही. तरीही पडून राहायचे. मी विचारलं, काय दिसतं? म्हणाले, "चूल दिसते. विझलेली."

शेवटी छातीचं दुखणं निघालं. नगरला दवाखान्यात ठेवलं होतं. जवळचं असं कोणी नव्हतं, मीच होतो. तिथे मला मनीषाचा फोन आला. ती सरांची जुनी विद्यार्थिनी, आता परगावी अशाच संशोधनात आहे. म्हणाली, "सर, परदेशात एका दुर्बिणीला काचेचे शेकडो धागे लावलेत. एकेका धाग्यात एकेक तारा धरून एकदम सगळ्यांचे वर्णपट काढतात. माणूस लागत नाही, यंत्रच करतं. आणि ते सगळ्यांना नेटवर बघायला मोकळे असतात. आपल्या सरांच्या चुलीचा भाग झालाय. बघू का?"

मी सरांना सांगितलं. ते उशीवर जरा वर सरकले. मग म्हणाले, "बघायला सांगा. उजवीकडचा म्हणावं. नकाशा समोर ठेवून बघ म्हणावं."

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन घेतला.

"सर, दोन तारे फार जवळ असले की दोन धागे शेजारी शेजारी बसत नाहीत," ती म्हणाली. "मग यंत्र दोघांतला एकच घेतं. जो जरा उजळ असेल तो."

"कुठला घेतला?"

ती रडत होती. "डावा, सर."

मी तिथेच बाकावर बसलो. खोटं सांगावं असं मनात आलं. सांगावं की रेघ आहे, रुंद आहे, सरकलेली आहे. पण त्यांनी लगेच विचारलं असतं, किती सरकली? आणि या माणसाला थापेवर मरू देणं मला जमलं नसतं. आत गेलो आणि जसं होतं तसं सांगितलं.

"डावा," सर म्हणाले. "यंत्रालाही मानेचं दुखणं दिसतंय."

हसले. हसता हसता त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ते रडायला लागले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, ना त्यांचे आई-वडील गेले तेव्हा, ना त्या छापून आलेल्या कबुलीच्या वेळी. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"एकदा दिसलं होतं हो," म्हणाले. "खरंच दिसलं होतं. मी शुद्धीत होतो. रेघ होती. सरकलेली होती. तुम्ही तरी म्हणा."

मी भूगोलाचा मास्तर. मला त्यातलं काय कळतं? पण मला त्या माणसातलं कळत होतं.

"दिसलं म्हणजे दिसलं, सर," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या कानाच्या जरा बाहेर. कितीतरी वर्षांनी. मनगट मात्र सोडलं नाही. दोन दिवसांनी ते गेले.

त्यांचं सगळं आटोपून परत आल्यावर मी दिलीपकडे दाढीला गेलो. खुर्चीत बसलो तर आरशात घड्याळ दिसेना. वळून पाहिलं, पाठची भिंत रिकामी होती. दिलीपने घड्याळ समोर, आरशाच्या शेजारी आणून ठोकलं होतं. म्हणाला, सर त्या दिवशी उठून गेले तवाच हलवलं, पुन्हा कुनाचं तसं हुया नगं. इतकी वर्षं ते तिथे होतं आणि माझं लक्षच गेलं नव्हतं.

त्याने गालाला साबण लावला. वस्तरा हातात घेऊन थोडा थांबला.

"सर, इच्यारू का? आपल्या सरांची ती चांदनी घावली का न्हाई शेवटी?"

"घावली हुती की," मी म्हणालो. "एकदा."